दार उघडू नये

आमच्या प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरवर एक पाटी आहे: ‘आत पेशी आहेत. बघून वाढत नाहीत, बघून मरतही नाहीत. दार उघडू नये.’ ती माझ्या मोठ्या भावाने लिहून दिली. सदाशिव पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्याचा जन्म गेला. अक्षर सुरेख, जीभ तिखट.

पाटीची गरजच होती. आम्ही कर्करोगाच्या पेशींवर कार्बनच्या जड कणांचा मारा करतो. हे कण पेशीतून आरपार गेले की तिच्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळच्या अनेक ठिकाणी तुटतात. क्ष-किरणांची जखम पेशी बरीचशी सांधून घेते. ही तिला झेपत नाही. पण ती लगेच मरतही नाही. फुगते, जिवंत दिसते, एखाद्या वेळी दुभंगून दोन होते. पुढे तिचा वंश वाढतो की खुंटतो, हे कळायला दोन आठवडे पेटी बंद ठेवावी लागते आणि विद्यार्थ्यांना तेवढा दम नसतो. वर्षानुवर्षं त्यांना हेच सांगतेय. आता सांगायचाही कंटाळा येतो.

गेल्या वर्षी दादाच्या माकडहाडाशी गाठ निघाली. जर्मनीत मुलाकडे राहून तो हेच कार्बनचे उपचार घेऊन आला. पहिला स्कॅन: गाठ तेवढीच. दुसरा: तेवढीच. वहिनी काही विचारायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. गाठीतल्या पेशी संपल्या तरी गाठ कितीतरी महिने जागा सोडत नाही, हे तिला मीच समजावलं होतं. तरीही, डॉक्टर घाई नको म्हणत असताना, तिसऱ्या स्कॅनचा हट्ट मीच धरला आणि रिक्षा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

दादा कुशीवर पडला होता. त्याला बसवत नाही, रिक्षात तर नाहीच.

“त्यातल्या काही पेशी उरतात का गं?” त्याने विचारलं.

“कधीकधी उरतात.”

“मग आज बघितल्याने त्या कमी होणार आहेत?”

मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. खाली जाऊन रिक्षा परत पाठवली.

वर आले तोवर त्याने वहिनीकडून पुठ्ठा आणि ब्रश मागून घेतला होता. पडल्यापडल्या लिहिल्याने ओळी खाली घसरल्या होत्या. त्याचं असं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं.

‘आत भाऊ आहे. चहाला यावे. गाठीची चौकशी करू नये.’

मी ती पाटी दाराला लावली आणि चहा टाकायला आत गेले.