जैतूननं मॅडमचा हात धरला

…अगं, आधी पडद्यांचं लिही चैत्राली, चित्राचं मागनं. पडदे नसते तर जैतून त्या बंगल्यात गेलीच कशाला असती?

ही जैतून दापोलीकडची. इकडं आखातात, अल हिलालला आपल्या वरच्या मजल्यावर राहायची, शिवण करायची. अंगभर काळा अबाया असो नाहीतर साडीचा फॉल, कापड नुसतं हातात धरलं की सांगायची, हे अंगावर कसं पडेल. नवरा बशीर एका जपानी साहेबाचा ड्रायव्हर. दोन हजार चार साल असेल. साहेबाच्या मॅडमला अल गराफाच्या बंगल्यातले पडदे आखूड करून हवे होते, म्हणून बशीर हिला घेऊन गेला.

बघते तर काय, मॅडम जमिनीवर गुडघे टेकून बसलेली, भोवती कागदांचा ढीग, आणि प्रत्येक कागदावर तीच बाई! लांब बाह्यांचा किमोनो घातलेली, चालता चालता मागं वळून बघणारी. नुसती काळी शाई आणि कुंचला. मॅडम काढायची, तोंड वाकडं करायची, फेकून द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लोकांचं प्रदर्शन, आणि जपानहून आणलेला तसला मोठा कागद आता एकच उरलेला.

जैतूनला कुठलं राहवतंय! "मॅडम, लेडी नो टर्न," ती म्हणाली. "फेस टर्न. कपडा नो टर्न."

दारातला बशीर पांढराफटक. "गप गे! पडदे माप तू. माझी नोकरी घालवतेस काय?"

"मग खोटं बोलू? बाई वळली तर कापड तिच्या मागनं येतं. हिचं बघा, खुंटीला टांगल्यासारखं!"

मॅडमला काही कळेना. मग जैतूननं काढून ठेवलेला पडदाच खांद्यावरनं गुंडाळला आणि गर्रकन वळली. आधी अंग वळलं, मग खांद्याशी कापड ताणलं, आणि खालचा घेर आपला सावकाश, उशिरा फिरून आला. मॅडम किंचाळली, "अगेन! अगेन!" ही वळतेय, ती बघतेय, हवेतच कुंचला फिरवतेय. वीसदा वळली असेल बाई! भोवळ यायची वेळ!

मग मॅडमनं तो शेवटचा कागद पसरला. कुंचला सरळ उभा धरला, मनगट कुठं टेकवलं नाही, श्वास रोखला आणि खांद्यापासनं अख्खा हात सोडला गं! वर रेघ जाड, कंबरेशी बारीक, खाली घेराशी शाई संपत आली तर नुसते कुंचल्याच्या केसांचे ओरखडे, कापड उडतंय जसं. एका दमात! वळली बाई! खरंच वळली!

पण खाली रेघ जराशी तुटली होती. मॅडमनं पुन्हा शाई घेतली, जोडायला कुंचला खाली नेला, आणि जैतूननं तिचं मनगट धरलं. गच्च!

"खलास मॅडम, खलास! नो टच!"

एकदा कात्री चालली की कड कुरतडत बसायची नाही, कापड मरतं, हे जैतूनला पक्कं ठाऊक.

बशीरनं डोळेच मिटले. मॅडम त्या धरलेल्या हाताकडं बघते, मग तुटक्या रेघेकडं. मग कुंचला खाली ठेवला, दोन्ही हात जमिनीला लावून जैतूनपुढं वाकली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ओ?" जैतून घाबरली.

साहेबाकडं राहून त्यांचे चार शब्द शिकलेला बशीर पुटपुटला, "तुला उस्ताद म्हणते."

दुसऱ्या दिवशी तेच चित्र लागलं, तुटक्या रेघेसकट.

आता जैतूनची लेक नूरैन राहते समैस्माला. म्हणते, आईनं जन्मभर नुसते फॉल लावले. हे वाचणाऱ्यांनो, भेटली कुणाला तर तेवढं सांगा तिला, तुझी आई उस्ताद होती म्हणावं.