नवसाबाईला पाला गोड लागतो

आडगावच्या अलीकडे हायवे सोडून मातीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना झेंडू आणि शेवंती. तिथं नुसतं केरूचं घर विचारलं तर माणूस डोकं खाजवायचा. "विष उतरवणारे केरूबुवा" म्हटलं की मात्र लगेच हात लांब व्हायचा. "ते काय, मोठा कडुलिंब दिसतोय ना, त्याच्याखाली."

नवसाबाई त्या केरूबुवांची बायको. केरूबुवांना मंत्र येत नाही, हे अख्ख्या शिवारात दोनच माणसांना माहीत होतं. एक ते स्वतः आणि दुसरी ही.

सुरुवात झाली ती नव्वद सालच्या पावसाळ्यात. केरू तेव्हा कुणीच नव्हता. चार भावांतला तिसरा. बोलायला लागला की माणसं उठून जायची. एक दिवस शाळेतले जयराम गुरुजी पाटाच्या पाण्यात पाय धूत होते, तर पायाला विरोळा डसला. विरोळा म्हणजे पाण्यातला साधा साप, विषाचं नाव नाही. पण गुरुजींनी रक्त पाहिलं आणि मेलो म्हणून जे अंग टाकलं, ते डोळेच मिटले. माणसं जमली. जवळ होता केरू. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं कडुलिंबाचा पाला ओरबाडला, गुरुजींच्या तोंडात कोंबला आणि जखमेवर हात धरून ओठ हलवत बसला. थोड्या वेळानं गुरुजी थू थू करत उठून बसले.

घरी आल्यावर नवसाबाईनं विचारलं, "अहो, मंत्र कुठून आणला तुम्ही?"

"कसला मंत्र? लोक बघत होते, ओठ तर हलवायला पाहिजेत ना. मी आपलं म्हणत गेलो, ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, उमराणे, मालेगाव..."

"एस्टीचे थांबे?"

"झोडग्यापर्यंत पोचलो नाय, तोवर मास्तर उठला!"

दोघं पोट धरून हसली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण इतकं एकत्र हसणं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

मग लोक येऊ लागले. धामण चावलेले, पट्ट्यांचा पण बिनविषारी कवड्या चावलेले, नुसताच काटा टोचून साप म्हणून घाबरलेले. केरूनं रीत बसवली. माणूस झाडाखाली बसवायचा आणि पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलेलं नाही, खुशाल घरी जा. गोड लागला तर चढलंय, मग मंत्र. एवढं सगळं करूनही नाग चावलेले दोघं गेलेच. त्याला कारणं निघाली. एकाला वाटेत पाणी पाजलं होतं, दुसऱ्याला आणताना मागं वळून पाहिलं होतं. केरूबुवांकडे बोट गेलं नाही. ग्रामपंचायतीत त्यांना खुर्ची मिळू लागली.

आणि खरं सांगायचं तर नवसाबाईलाही गोडी लागली. पूर्वी नळावर तिचा हंडा शेवटी लागायचा. आता बायका म्हणायच्या, "भरू द्या गं त्यांना आधी. बुवांची मंडळी हाय." ती हंडा भरायची, पदर सावरायची आणि गप्प राहायची. गप्प राहण्यात काही जात नाही, असं तिला तेव्हा वाटायचं.

शहाण्णवचा दसरा आला. आदल्या दिवशी सकाळी नऊला फुलांचा टेंपो निघायचा होता. केरूच्या थोरल्या भावाच्या पडवीत झेंडूचा कमरेएवढा ढीग. त्या घरची सून सुवर्णा, पुतण्या कुंदनची बायको, वर्षापूर्वीच देवळ्याकडून आलेली. ती तोडणी करून थकली आणि ढिगाशेजारीच गोणपाटावर झोपली. पहाटे कोपराला मुंगी चावल्यासारखं झालं. हात झटकला तर काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सर्रकन ढिगात शिरलं. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा तिनं सांगितलं. सातच्या सुमाराला कुंदन तिला घेऊन काकाच्या झाडाखाली आला. मागोमाग तीसेक माणसं.

"सूज नाय, काय नाय," केरूबुवांनी कोपर फिरवून पाहिलं. "कवड्या असंल. चाव गं पाला."

सुवर्णानं पानं चावली. तोंड वाकडं केलं.

"कसं लागतंय?"

"कडू."

"मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"कडू लागतंय, मामंजी. लय कडू."

"झालं तर! चढलेलं नाय. ने रे कुंदन, टेंपो भरायचाय."

माणसं हसत उठली. सासू म्हणाली, "माझा तर जीवच गेला होता बाई. चल गं, माळा व्हायच्यात अजून." सुवर्णा उठली आणि परत बसली. नवसाबाईनं तिचा हात धरला. पोरीच्या पापण्या खाली येत होत्या. उघडायची, परत खाली यायच्या.

"काकू, दोन दोन दिसतंय," ती हळूच म्हणाली. "जीभ जड झाली."

कडुलिंब कडूच लागणार. जित्याला कडू, मरणाऱ्याला कडू. तिला हे माहीत होतं, केरूबुवांखेरीज दुसऱ्या कुणाला नव्हतं. रस्त्याच्या तोंडाशी यादवची रिक्षा उभी होती. तिनं तोंड उघडलं, "अहो, मी काय म्हणते, दवाखान्यात..."

केरूबुवांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर ती बोललीही असती. त्यांनी पाहिलं ते गयावया करून, चार भावांतल्या तिसऱ्यासारखं. आजूबाजूला तीस माणसं.

"काय म्हणते काकू?" कुंदननं विचारलं.

"काय नाय," नवसाबाई म्हणाली. मग सुवर्णाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाग्रण झालंय पोरीला. जरा झोप काढ गं, बरं वाटंल."

पुढच्या सगळ्या आयुष्यात तिला हे वाक्य ऐकू येणार होतं, आणि तेही स्वतःच्याच आवाजात.

साडेनऊला सुवर्णाला थुंकी गिळता येईना. तेव्हा कुठं यादवची रिक्षा धावली. मागं सुवर्णा, तिला धरून कुंदन आणि नवसाबाई. शहरात शिरताना द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली. दसऱ्याची गर्दी, पुढं टेंपो, मागं टेंपो आणि सगळ्यांत झेंडू. यादव हॉर्नवरचा हात काढेना. कुंदन उतरून एकेकाच्या काचेवर थापा मारत होता, "सोडा हो, बाई मरतीय माझी!" एकानं काच खाली करून सांगितलं, "अरे मलाही मार्केट गाठायचंय." नवसाबाईच्या मांडीवर सुवर्णाचा श्वास लहान लहान होत गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही राहिला नव्हता.

डॉक्टर तरुण होता. "पट्टे होते म्हणता? मण्यार. ती चावली तिथं दुखत नाही, सुजत नाही. पहाटे चावली ना? मग इतका वेळ काय करत होतात?"

कुंदन म्हणाला, "पाला कडू लागला होता."

डॉक्टरला काही कळलं नाही. नवसाबाईला कळलं.

घरी केरूबुवा म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलंय, कडू म्हणाली ती. तिला साप चावलाच नव्हता. पोटाचंच काहीतरी होतं." आणि जेवायला बसले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला आणि माणसं उठायच्या बेतात असताना नवसाबाई मधोमध उभी राहिली. "ऐका. यांना मंत्र येत नाय. ते एस्टीचे थांबे म्हणतात. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई..."

एक म्हातारा कानावर हात ठेवून ओरडला, "अगं बाई, मंत्र असा उघड्यावर बोलायचा नसतो! ताकद जाती त्याची!"

"अरे, मंत्र नाय तो! चांदवडला काय विष उतरतं का?"

"धक्का बसलाय तिला," बायका म्हणाल्या. "मांडीवर गेली ना पोर." दोघींनी तिला धरून घरी नेलं, साखरपाणी पाजलं आणि नळावर तिचा हंडा पूर्वीसारखाच पहिला भरला गेला.

पुढच्या आषाढात बांधावर गवत कापताना फकिराच्या पायाला घोणस चावली. भरदुपारी चौघांनी त्याला उचलून झाडाखाली आणलं. पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि माणूस ओरडत होता. केरूबुवा आले, वर हात करून डहाळी मोडली. नवसाबाई घरातून धावत आली आणि तिनं ती हिसकावली.

"ए, बावळट! काय करती?"

"पारख करते." तिनं मूठभर पाला तोंडात कोंबला आणि चावायला लागली. डोळ्यांत पाणी आलं. तिनं तोंड वाकडं होऊ दिलं नाही. "गोड! ऐकलं का सगळ्यांनी? मला गोड लागतोय. मला कोण चावलं? कुणी नाय! मग खोटी ठरली ना यांची पारख?"

माणसं तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, कळलं. इतक्या वर्षांनी एकदाचं कळलं.

मागून एक बाई हात जोडत पुढं आली. "बाई गं! फकिराचं विष हिनं आपल्या अंगावर घेतलं!"

"काय?"

"बघा ना, गोड लागलं तिला! चढलं तिला!" दुसरी तिच्या पाया पडायला वाकली. केरूबुवांचा हात डहाळीसाठी तसाच वर राहिला होता.

नवसाबाईनं पाय मागं घेतला. हसावं की बोंब मारावी, तिला कळेना. फकिरा ओरडायचा थांबला होता, नुसता कण्हत होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा यादवच्या रिक्षाकडे, आणि तोंडातला चोथा गिळून टाकला.

"हां. घेतलं," ती म्हणाली. "अर्धं घेतलं. अर्धं त्याच्यात हाय, ते सुईनंच निघतं. उचला त्याला! रिक्षात घाला! बघत काय बसलात?"

चौघांनी निमूट उचललं. फकिरा वाचला. तीन आठवड्यांनी लंगडत आला तो नारळ घेऊन. दवाखान्याला नव्हे, नवसाबाईला.

तेव्हापासून दोन हजार पाच-सहापर्यंत त्या झाडाखाली जितकी माणसं आली, तितकी दवाखान्यात गेली. पण आधी नवसाबाईनं पाला खायचा. त्याशिवाय कुणी रिक्षात पाय ठेवत नसे. दोन-तीनदा तिनं नुसतंच "जा" म्हणून पाहिलं, तर माणसं बसून राहिली. केरूबुवा ओट्यावरून बघत. एकदा म्हणाले, "आता तुझं चाललंय."

"तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली. ती दोघं एकत्र हसली होती ती त्या नव्वद सालीच, पुन्हा कधी नाही.

कुंदन आठ वर्षं त्यांच्या अंगणात आला नव्हता. एका दसऱ्याच्या सकाळी आला. दुसरं लग्न केलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काकू, एक विचारायचं होतं. हा विष घेणारा हात तुला सुवर्णाच्या वेळी नव्हता का?"

नवसाबाई माळ ओवत होती. सुई फुलात तशीच राहिली.

"हात नव्हता रे," ती म्हणाली. "तोंड होतं."

कुंदनला काय कळलं, किती कळलं, ते तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि कुणीतरी हाका मारायला लागलं, "नवसाबाई! ओ नवसाबाई, लवकर या!"

ती उठली. कुंदनच्या समोरून झाडाखाली गेली, डहाळी खाली ओढली आणि पाला चावायला लागली.

"कसं लागतंय, बाई?" माणसांनी विचारलं.

"गोड," नवसाबाई म्हणाली. "न्या दवाखान्यात."