कंप्रेसर बंद

वडीगोद्रीला हायवेवर आमचं पंक्चरचं दुकान आणि दुकानाला लागूनच मागे घर. कंप्रेसरची धडधड ऐकतच मी लहानाचा मोठा झालो, अभ्यास केला, पायलट झालो. त्या आवाजाने माझी झोप कधी मोडली नाही. ती मोडली रोस्टरने.

रोस्टर म्हणजे आमच्या ड्यूटीचं महिन्याचं वेळापत्रक. दिसायला ते नियमात बसतं, विश्रांतीचे तास अगदी चोख. पण पहाटेच्या दोन ड्यूट्या, मग रात्रीची, पुन्हा पहाट, असं फिरवलं की शरीराला दिवस-रात्र कळेनाशी होते. त्यातून ते ऐनवेळी बदलतं. बदलणाऱ्याचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. दिसला असता तर चार शब्द सुनावले असते. सगळेच वैतागलेले, पण ‘थकलोय’ असं कळवायला कोणी धजत नाही, कारण मग वरच्यांच्या डोळ्यांवर येतो. पूर्वी आम्ही एकमेकांची टर उडवायचो. आता चहासुद्धा मुकाट्याने पितो.

एकदा सुट्टीत घरी असताना आबांना, म्हणजे वडिलांना, मी सहज बोलून गेलो, की विमान उतरवण्याच्या थोडं आधी माझा डोळा लागला होता. क्षणभरच. शेजारच्याने हाक मारली म्हणून बरं. आबा हातातलं टायर बघत राहिले.

तेव्हापासून मी दुपारी आडवा झालो की कंप्रेसर बंद. हवा भरायला थांबलेल्या ट्रकवाल्यांना आबा हातानेच पुढच्या दुकानाकडे पिटाळायचे. “पोरगं झोपलंय आत. दोनशे माणसं घेऊन जायचंय त्याला,” हे सांगतानाही आवाज खाली. बाहेर हायवे बोंबलतोय आणि हे कुजबुजतायत. मला हसूही यायचं आणि लाजही वाटायची.

“आबा, चालू द्या, मला काही होत न्हाई,” मी म्हणायचो.

“तू बराबर झोप. हवा भरायला लई दुकानं हायेत.”

त्या दिवशीही रात्रभर उडून मी घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उड्डाण होतं. जेवलो आणि पडलो. दुपारी आबांच्या छातीत कळ आली. आई मला उठवायला वळली, तर त्यांनी तिचा हात धरला. आईनेच हे नंतर सांगितलं.

“उठवू नको त्याला. उद्या जायचंय. जरा बसतो, मंग बरं वाटंल.”

घाम पुसत ते बसून राहिले. शेवटी समोरच्या चहावाल्याने ऐकलं नाही. त्याने त्यांना आपल्या जीपमध्ये घातलं, आईला शेजारी बसवलं. पण जीप दारात सुरू करायची नाही, हे आबांनी त्यालाही बजावलं. चार माणसांनी ती ढकलत हायवेपर्यंत नेली आणि मग चावी फिरवली. दवाखाना यायच्या आधीच आबा गेले.

मी उठलो तेव्हा ऊन कललं होतं. कित्येक महिन्यांत इतकी गाढ झोप लागली नव्हती. त्या झोपेचा मला आजही संताप येतो. फोन पाहिला तर रोस्टर बदललेलं, उद्याची ड्यूटी रद्द. मी खूश होऊन आबांना सांगायला बाहेर आलो. दुकान उघडं होतं, अर्धं खोललेलं टायर जमिनीवर पडलं होतं आणि आत कोणीच नव्हतं.

आता दुकान आम्ही दुसऱ्याला चालवायला दिलंय. मी सुट्टीत आलो आणि आडवा झालो, की आई जाऊन त्याला कंप्रेसर बंद करायला लावते. चालू दे गं, म्हटलं तरी ऐकत नाही. दाराशी बसून राहते. मग मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेतो, म्हणजे तिला वाटावं, झोपलाय.