वरच्या मजल्यावर शोध चालू आहे

जगात जेवढा म्हणून शोध लागायचा शिल्लक आहे, तो सगळा आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर लागणार आहे, अशी आमच्या घरमालकांची पक्की खात्री आहे. बेळगावात वडगावला, जिथं घराघरांतून मागांची खटखट ऐकू येते, तिथल्या एका गल्लीत त्यांचं घर. खाली पॉवरलूम आणि वर भाड्याच्या खोल्या. खालून साड्या निघतात आणि वरून पीएचड्या निघतात, असं ते आल्यागेल्याला सांगतात. दारावर पाटी नाही, मधे दलाल नाही. बँकेतला माणूस खोली बघायला आला, त्याला नाही म्हणाले. सैन्यातला आला, त्याला ताक पाजून नाही म्हणाले. नवं लग्न झालेलं जोडपं आलं, त्यांना आशीर्वाद दिला, जिन्यापर्यंत नेलं आणि मग नाही म्हणाले. खोली मिळणार ती फक्त त्याला, जो काहीतरी शोधतो आहे आणि ज्याला ते अजून सापडलेलं नाही.

मी शाळा सोडली ती आठवीत. गाव परभणीकडचं, इथून तिथं पोचायचं म्हणजे दोन गाड्या बदला, एक स्टँडवर झोप काढा. फाउंड्रीत कास्टिंग तपासायचं काम लागलं होतं आणि हातात पिशवी घेऊन मी खोलीसाठी फिरत होतो. कुणीतरी या दाराकडं बोट दाखवलं. घरमालक मागाच्या धोट्याला तेल देत होते. वर न बघता म्हणाले, "कशावर काम करताय?" मी घाबरून म्हटलं, "लोखंड ओतल्यावर त्यात कधीकधी भोकं पडतात, ती बघतो." आता त्यांनी वर बघितलं. "का पडतात?" मी म्हटलं, "काय की. कुणी नीट सांगत नाही." त्यांनी हात पुसले, किल्ली काढली आणि म्हणाले, "या वर." माझं शिक्षण त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढं मी सांगितलं तेव्हा, "बरं, खरं भोकांचं काय झालं?" एवढंच विचारलं. बेळगावकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे मला कळायला थोडे दिवस गेले. तोवर हा माणूस दर वाक्यात मला खरं बोलायला सांगतोय असं वाटून मी धास्तावलेला असायचो.

तसा मी धास्तावलेला असतोच. शाळा सुटली तीसुद्धा त्यापायी. फळ्याजवळ उभं केलं की माझा आवाज कापत कापत बंदच पडे, पोरं हसत. एक दिवस गेलोच नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही. आणि फाउंड्रीत येऊन जेमतेम बस्तान बसतंय तोवर मॅनेजरनी सांगितलं की दिवाळीनंतर गिऱ्हाइकाचे इंजिनियर येणार आहेत. तपासणीवरच्या प्रत्येकानं त्यांच्यासमोर उभं राहून आपल्याकडचा माल का बाद होतो ते सांगायचं. ज्याला जमेल तो कायम होईल, ज्याला जमणार नाही त्यानं दुसरीकडं काम बघावं. मला भोकं दिसत होती, बोटानं दाखवता येत होती. पण चार माणसांपुढं तोंडानं सांगायचं म्हणजे मला गावाकडची गाडीच दिसायला लागली.

वर माझ्याशिवाय चौघं होती आणि घरमालक, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, कुणालाही नावानं हाक मारत नसत. धारवाडकडच्या डॉक्टरीणबाई म्हणजे 'औषध'. कारवारची मुलगी 'समुद्र'. विजापूरचा इस्लामी कायद्याचा अभ्यास करणारा तो 'कायदा'. खानापूरच्या शेतकऱ्याचा इंजिनियर मुलगा 'यंत्र'. फाउंड्रीतली साच्याची वाळू माझ्या कपड्यांतून जिनाभर सांडायची म्हणून मी 'वाळू'. सकाळी खालून हाका यायच्या, "औषध, दूध आलंय बघ! कायदा, पाण्याची मोटर बंद कर रं! समुद्राला कुणीतरी उठवा!" नवा पेपरवाला पहिल्या दिवशी हे ऐकून पेपर न टाकताच निघून गेला होता.

औषधचा अभ्यास विणकरांच्या कानांवर होता. जन्मभर मागाजवळ बसलेल्या माणसाला किती ऐकू येतं ते ती तपासत होती. आप्पांनी गल्लीतले सगळे विणकर तिच्यापुढं ओळीनं बसवले. वर दूधवाल्यालाही बसवलं, कारण "तुलनेला एक बरा कान लागतोय की." स्वतः पहिले बसले. कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबायचं. आप्पांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. औषध म्हणाली, "आप्पा, मी अजून आवाज सुरू केलेला नाही." आप्पा म्हणाले, "तुझं मशीन कच्चं हाय. मला कवाच ऐकू येतंय." निकालात त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला निघाला, डावा निम्मा. त्यांनी तो कागद गल्लीत सगळ्यांना अभिमानानं दाखवला, जणू काही वर्गात पहिला नंबर आला आहे.

समुद्राचा विषय खडकाला चिकटलेली कालवं. समुद्रावर अभ्यास करायला ती डोंगर चढून बेळगावात का आली, तर तिचे मार्गदर्शक इथं बदलून आले म्हणून. आप्पांच्या घरात पिढ्यान्पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही, आणि जिन्याखालच्या फडताळात, लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी, द्रावणात बुडवलेल्या कालवांच्या बाटल्या उभ्या राहिल्या. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, तर आप्पा म्हणाले, "खायला न्हाईत त्या. शिकायला हाईत. शिकायचं असलं की सोवळं मोडत न्हाय." पुढं एकदा पहिल्या बसनं ते तिच्याबरोबर कारवारला गेले, धोतर वर खोचून ओहोटीच्या चिखलात उभे राहिले, आणि परत आल्यावर आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "एकदा चिकटलं की मरंपर्यंत जागा सोडत न्हाय रं ते. आमच्या भाडेकरूंपेक्षा बरं."

कायदा मोठा भिडस्त. जुन्या अरबी ग्रंथांत विहिरीच्या पाण्यावर कुणाचा किती हक्क सांगितला आहे, हे तो वाचत असे. आप्पा त्याला संध्याकाळी विचारायचे, "आज विहीर कुठवर आली?" तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पाण्यापासून अडवता येत नाही, हे त्यानं सांगितलं तेव्हा आप्पांचे डोळे भरून आले. पण बाकीच्या पाण्याबद्दल पंडितांची मतं वेगवेगळी आहेत, हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. "एवढी मोठी मोठी माणसं, एकदा बसून मिटवायला नको?" कायदा हळूच म्हणाला, "आप्पा, त्यांनी मिटवलं असतं तर मी काय शोधलं असतं?" तेवढ्यावर आप्पा खूश. त्याच आठवड्यात त्यांनी घराच्या बाहेरच्या भिंतीला एक नळ बसवला आणि खाली गाई-कुत्र्यांना दगडी कुंडी. शेजाऱ्यानं विचारलं, "आप्पा, बोअर आटली तर?" आप्पा वरच्या खिडकीकडं बोट करून म्हणाले, "कायद्याला विचार." तेव्हापासून गल्लीतले लोक बांधाचे आणि वाटणीचे तंटे घेऊन त्या बिचाऱ्याच्या दारात यायला लागले. "मी वकील नाही हो, काझीही नाही, मी फक्त वाचतो," असं सांगता सांगता तो रडकुंडीला येई.

आणि यंत्राचं तर विचारू नका. मागाचा दणका आणि आवाज कमी कसा करायचा, यावर त्याचं काम. आप्पांनी धंद्यातला एक चालू माग त्याला देऊन टाकला. त्यानं मागाखाली रबर घातलं, आवाज वाढला. स्प्रिंगा घातल्या, माग चालता चालता भिंतीकडं सरकला. प्रत्येक वेळी यंत्र मान खाली घालून सांगायचं, "आप्पा, नाही जमलं," आणि आप्पा सायकल काढून बेळगावी खव्याचा कुंदा आणायला जायचे. या घरात कुंदा फसल्यावर मिळतो. जमलं तर नुसता चहा. कारण विचारलं तर म्हणायचे, "जमलेलं मुळातच गोड असतंय. त्यावर आनखी साखर कशाला? फसलेला माणूस तोंड कडू करून बसलेला असतोय, त्याला द्यावं." यंत्राचं वजन त्या वर्षात चांगलंच वाढलं.

हे वेड कुठून आलं, ते मी एकदा भीत भीत विचारलं होतं. आप्पा दोन वेळा "काय?" म्हणाले, मग मी जवळ सरकलो. ते म्हणाले, "आमच्या घरच्यांना, म्हंजे पोरांच्या आईला, रक्ताचा आजार हुता. मोठ्या डॉक्टरनं आशा सोडलेली. मग एक नवी गोळी आली. त्या गोळीनं त्या आनखी काही वर्षं जगल्या, नातवाचं बारसं केलं, मग गेल्या. ती गोळी कुणीतरी कुठंतरी बसून शोधली असणार न्हवं? त्याचं नाव मला ठाव न्हाय, गाव ठाव न्हाय. त्याला मी कुठं गाठू? म्हणून जे कोण शोधतंय, त्याला घर." एवढं बोलून ते तुटलेला धागा जोडायला गेले.

तर या घरचा मुख्य नेम म्हणजे गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी आप्पा माग बंद करत. सगळ्यांनी खाली यायचं, आणि एकेकानं उभं राहून, आप्पांना समजेल अशा भाषेत, या आठवड्यात काय नवीन कळलं ते सांगायचं. पीएचडीची शेवटची परीक्षा सगळ्यांसमोर होते, ऐकायला कुणीही येऊ शकतं, हे समजल्यापासून तर त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की ऐकणारं माणूस नसेल तर शोध लागला असं धरत नाहीत. पहिल्या गुरुवारी माझी पाळी आली. मी उभा राहिलो. माग बंद, गल्ली शांत, आणि माझ्या तोंडातून हवासुद्धा येईना. आप्पा माझ्याकडं अगदी लक्ष देऊन बघत राहिले. बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "छान. आज वाळूनं गप्प कसं उभं राहायचं ते दाखवलं. पुढचं पुढच्या गुरुवारी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या चेष्टेच्या नव्हत्या. पुढच्या गुरुवारी मी एक वाक्य बोललो. मग दोन. वाळू ओली राहिली की वाफ धरते आणि ती वाफ लोखंडात भोक पाडून बाहेर येते, इथवर यायला मला अख्खा पावसाळा लागला. पण ते घरात, माझ्या माणसांपुढं. फाउंड्रीतला दिवस जवळ यायला लागला तशी माझी भूक गेली. आदल्या संध्याकाळी मी औषधला म्हटलंही, "ताई, मी उद्या जात नाही. सरळ गाडी धरतो." ती म्हणाली, "जा की. पण आधी आप्पांना सांगून जा." तिला ठाऊक होतं, ते मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट कामावर गेलो, आणि थोड्या वेळानं फाउंड्रीच्या गेटवर गडबड ऐकू आली. बघतो तर आप्पा. धुतलेलं धोतर, टोपी, आणि मागं औषध, समुद्र, कायदा, यंत्र, सगळे उन्हात उभे. चौकीदार म्हणत होता, "अहो आजोबा, हितं कामाशिवाय आत सोडत न्हाईत." आप्पा म्हणत होते, "आमच्या घरातल्या एकाची परीक्षा हाय. परीक्षा उघडी असतीय. ऐकाय माणसं न्हाईत तर ती धरत न्हाईत, तुला ठाव न्हाय काय?" मॅनेजर धावत आले, त्यांच्या मागून पाहुणे इंजिनियर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाहुण्यांतले वयस्कर साहेब हसले आणि म्हणाले, "येऊ द्या. ऐकणारे वाढले तर आमचं काय जातंय?" चौकीदारानं आप्पांच्या टोपीवरच हेल्मेट ठेवलं. ते पुढच्या खुर्चीवर, मॅनेजरच्याही पुढं, जाऊन बसले.

मी उभा राहिलो. बाजूला ग्राइंडर चालू होते. हातात बाद झालेलं कास्टिंग. ओठ हलवले, काहीतरी पुटपुटलो. साहेबांनी एकमेकांकडं बघितलं, मॅनेजरनी घड्याळाकडं. आणि पुढच्या खुर्चीवरून आप्पा, डाव्या कानामागं तळवा धरून, सगळ्या शेडमधे घुमेल असं ओरडले, "मोठ्यानं बोल रं! मला काय सुदीक ऐकू येईना झालंय!"

आता आप्पांना ऐकू यायला पाहिजे म्हटल्यावर दुसरा इलाजच नव्हता. मी ओरडून बोललो. "आप्पा, हे भोक बघा! हे वाळूच्या ओलीनं पडलंय!" आणि मला आश्चर्य वाटलं, कारण मोठा आवाज कापत नाही. कापायला त्याला जागाच राहत नाही. मी साहेबांकडं बघितलंच नाही. आप्पांना कळेपर्यंत सांगत गेलो. वाळू कुठं भिजते, वाफ कशी अडते, कोणतं भोक वाफेचं आणि कोणतं कचऱ्याचं. आप्पा मधेच "व्हय, व्हय" म्हणत होते. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं मी आप्पांकडं तोंड करून ओरडूनच दिली. शेवटी आप्पांनी टाळ्या वाजवल्या, मग चौघांनी, मग साहेबांनी, आणि नाइलाज होऊन मॅनेजरनी. सगळ्यांना गेटपर्यंत सोडून आलो तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तुझं कायम झालं समज. कोण रे ते तुझे?" घरमालक म्हणावं तर फार थोडं वाटत होतं.

आता वरच्या मजल्यावर नवी माणसं आहेत. औषध मोठ्या इस्पितळात आहे, समुद्र परत समुद्राजवळ गेली, कायदा शिकवतो, यंत्राचा माग शेवटी थोडा गप्प झाला आणि तोही नोकरीला लागला. मी तेवढा उरलो आहे. आप्पांचा डावा कानही आता उतरत चालला आहे. गुरुवारी माग बंद असले तरी त्यांना अर्धंच पोचतं, आणि उरलेलं ते चेहऱ्याकडं बघून समजून घेतात. परवा संध्याकाळी आम्ही दोघंच पायरीवर बसलो होतो. माझ्या मनात किती दिवस एक वाक्य होतं, ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी हळू आवाजात म्हटलं, "आप्पा, तुम्ही नसता तर मी कधीच गावाकडं पळून गेलो असतो."

आप्पांनी आभाळाकडं बघितलं आणि मान हलवली. "व्हय रं," ते म्हणाले, "उद्या ऊन पडंल असं वाटतंय खरं."

मी त्यांच्या डाव्या कानाशी सरकलो. मग मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "व्हय आप्पा, पडंल की!" ते समाधानानं हसले, आणि आम्ही अंधार होईपर्यंत तसेच बसून राहिलो.