बाराने गुणलेला डिंक

खरं सांगते, आमच्या जाऊबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही नवी मुकादमीण आणलीय आमच्यावर नजर ठेवायला. गळ्यात काळी दोरी, दोरीला काहीतरी गोल, चकचकीत. म्हटलं, शिट्टी. आता ही फुंकणार आणि आम्ही पॅकिंगच्या बायका चहा टाकून पळत सुटणार. आठवडाभर तिला बघितलं की मी कप लपवायची. मग कळलं ते स्टॉपवॉच होतं, आणि बाई लॅबमधली. माणसांवर नाही, डिंकावर नजर ठेवणारी. तोवर मी ठेवलेलं ‘शिट्टी’ हे नाव कारखानाभर झालं होतं. पुढे मीच तिला माझ्या दिरासाठी घरात आणली, पण नाव काही सुटलं नाही.

कारखाना आमचा डिंकाचा. डिंक किती दाट, वाहायला किती कुरकुरतो, ते मोजायचं हिचं काम. उभ्या काचेच्या नळीत डिंक भरायचा, वरून पोलादी गोळी सोडायची, खालच्या रेघेपर्यंत यायला किती सेकंद लागले ते बघायचं. त्यावरून आकडा काढायचा, पॉइजमध्ये, म्हणजे दाटपणाच्या मापात. आमचा चांगला डिंक दोनशे चाळीसच्या आसपास, मधाहून दाट. सोळा वर्षं ही गोळ्या सोडतेय. घरी पोरांचं औषध चमच्यात ओततानाही मनात सेकंद मोजते. दीर म्हणतो, “वहिनी, ही माझ्याकडे एकटक बघायला लागली की मला वाटतं मी बुडतोय आणि ही वेळ लावतेय.”

तर नवे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग यंत्र आलं. लांबून कुठूनतरी घेतलेलं, जुनंच. डिंकात एक दांडा फिरतो आणि काटा आकडा दाखवतो. पण काटा पौंड-इंचातला, दर चौरस इंचाच्या हिशोबाचा. साहेबांच्या पुस्तकात मेट्रिक करायचा गुणक होता चौरस फुटाचा. म्हणून साहेबांनी आधी बाराने गुणलं, फुटाचे इंच बारा म्हणून, मग पुस्तकातल्या गुणकाने. तसं कार्ड स्वतःच्या हाताने लिहून यंत्रावर चिकटवलं.

पहिल्याच दिवशी उत्तर आलं, वीस पॉइज.

“डिंक पातळ झालाय,” साहेब म्हणाले.

“साहेब, गोळीला नेहमीएवढाच वेळ लागलाय,” ही म्हणाली.

“गोळीबिळी राहू द्या. यंत्र काय खोटं बोलतं?”

“यंत्र नाही बोलत. कार्डाचं मला माहीत नाही.”

हे बोलायला नको होतं म्हणे. का नको? साहेबांनी ऐकलं नाहीच. अख्ख्या टाकीत दाट करायची पावडर ओतायला लावली. दुपारपर्यंत डिंकाचा दगड झाला, ढवळायचा पंखा रुतून बसला आणि मोटर जळाली. आणि ठपका कुणावर? हिच्यावर. म्हणे आधी डिंकात पाणी घातलं, मग झाकायला आकडे खोटे लिहिले. कागद पुढे सरकवला. चूक कबूल आहे म्हणून सही करा, नाहीतर लॅब विसरा, पॅकिंगमध्ये बसा. सोळा वर्षांत जिने एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही, तिने म्हणे पाणी घातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठवलं की अजून होतो.

तिने सही केली नाही. तिची लॅबमधली उंच खुर्ची साहेबांनी त्याच दिवशी केबिनमध्ये नेली. कशाला, तर बॅग ठेवायला.

ती माझ्या टेबलावर आली. दोन दिवस खोकी भरताना एवढंच म्हणायची, “ताई, कार्डात चूक आहे. पण कुठे, ते हाताला लागत नाही.”

आमच्या टेबलावर खोक्यांची झाकणं, फूट बाय फूट. कोपऱ्यात लावायचं लेबल, इंच बाय इंच. तिसऱ्या दिवशी बघते तर हिने एका लेबलाशेजारी दुसरं लावलं, मग तिसरं.

“अगं शिट्टी, एका खोक्याला एकच. डोकं ठिकाणावर आहे ना?”

“ताई, एक ओळ भरली. बारा लेबलं.” तिने झाकणावर हात फिरवला. “एवढं सगळं रिकामं राहिलं. साहेब एका ओळीवर थांबलेत.”

मग आम्ही दोघींनी अख्खं झाकण भरलं. बारा ओळी, एकशे चव्वेचाळीस लेबलं. काट्याचा तोच आकडा तिने एकशे चव्वेचाळीसने गुणला, मग पुस्तकातल्या गुणकाने. आले दोनशे एक्केचाळीस पॉइज.

झाकण घेऊन ती केबिनमध्ये, मागून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण लेबलं माझ्या टेबलावरची होती. साहेबांनी सगळी लेबलं मोजली. आम्ही एखादं जास्त चिकटवलं असेल, ही आशा असावी. मग त्या दिवशीच्या, पावडर पडायच्या आधीच्या डिंकाची नमुना म्हणून राखून ठेवलेली बाटली तिने मागवली, काट्यावर मोजली आणि नळीतही मोजली. काटा आणि गोळी एकच बोलले.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले आणि कबुलीचा कागद फाडला. “गैरसमज झाला. उद्यापासून लॅबमध्ये बसा.”

“कुणाचा गैरसमज?” मी विचारलं.

साहेबांना एकदम पेनाचं टोपण सापडेना. मोटरच्या रिपोर्टात काय लिहिलं माहितीय? यंत्राचा दोष. त्या बिचाऱ्या यंत्राने कुठे बाराने गुणलं होतं? आणि हिला ‘माफ करा’ एवढे दोन शब्दसुद्धा नाहीत.

मला वाटलं ही आता भांडेल. हिने बोट दाखवलं खुर्चीकडे. “ती द्या.”

“खुर्ची कंपनीची आहे. तुम्ही स्टूल घ्या.”

“खुर्ची कंपनीची, पण उशी माझी. घरून आणलेली.”

“मग उशी काढून घ्या.”

“तुम्हीच द्या काढून.”

साहेबांनी बॅग बाजूला ठेवली आणि उशी ओढली. मग एक पाय खुर्चीला लावून ओढली. खुर्ची केबिनभर फिरली, उशी जागची हलली नाही.

“कशाने चिकटवलीय ही?” साहेब धापा टाकत म्हणाले.

“आपल्याच डिंकाने,” शिट्टी म्हणाली. “त्या पातळ.”

खुर्चीचे पुढचे पाय तिने धरले, मागचे मी, आणि आम्ही दोघी उशीसकट ती लॅबमध्ये घेऊन गेलो.