चिमणीच्या दातांनी ओढलेला हुक्का

आमच्या घरात उष्टं चालत नाही. बाटलीतलं पाणी तोंड न लावता, वरूनच प्यायचं. ऑफिसात कुणी तोंड लावलेली बाटली पुढे केली तर मी तहानलेला राहतो. मित्र मला सोवळा म्हणतात आणि मी ते कौतुक असल्यासारखं ऐकून घेतो.

असा हा सोवळा माणूस दर रविवारी दुपारी मुलुंडला एका मित्राच्या घरी जायचा आणि चौघांत एकच हुक्का ओढायचा. त्यावर माझ्याकडे युक्ती होती. लहानपणी गोळी वाटून घेताना आपण ती सदऱ्याच्या कापडात धरून फोडायचो, चिमणीच्या दातांनी, म्हणजे उष्टी होत नाही. तसाच मी नळीच्या तोंडाला रुमाल लावायचो. बाकीचे हसायचे. एसीसाठी खिडक्या बंद असत, आणि ज्याचं घर तो मित्र महिनाभर खोकत होता. धुराने होतंय म्हणायचा. आम्हालाही ते पटायचं.

एका सकाळी त्याचा फोन आला. "ऐक ना, मला टीबी निघालाय, छातीचा. तू तपासून घे. बाळ आहे ना घरी."

मुलगी तेव्हा सात महिन्यांची. मी फोन ठेवला आणि पाळण्यापासून लांब, बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंना मी रुमालाचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "रुमालाने जंतू अडत नाहीत हो. टीबी हवेतून येतो, आणि तुम्ही बंद खोलीत खोकणाऱ्याशेजारी तासन्‌तास बसलात. नळीचं म्हणाल तर ती आतून कायम ओली, ती धुतं कोण? एकाचा सर्दी-ताप दुसऱ्याला द्यायला ती पुरते."

रिपोर्ट येईपर्यंत मी बाहेरच्या खोलीत मास्क लावून राहिलो. मुलगी बायकोच्या कडेवरून माझ्याकडे झेपावायची आणि मी मागे सरकायचो. रिपोर्ट चांगले आले, माझे आणि तिचेही. तिला उचलून घेतलं आणि भरपूर रडलो.

देवाचे आभार मानले, पण त्याआधी त्या मित्राचे. तो आता बरा होतोय, गोळ्या चुकवत नाही. गप्प राहणं त्याला सोपं होतं. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्या चौघांतलाच एक त्या नवरीमुलीचा चुलतभाऊ. ते लग्न पुढे मोडलंच. मी त्याला म्हटलं, निदान त्या चुलतभावाला तरी नंतर सांगायचं होतंस.

"त्यालाच पहिला फोन केला रे," तो म्हणाला. "तो माझ्या बाजूला बसायचा ना."