जावयाच्या मानाची जीप

“चला मामा, इथं काही होत नसतं. उगं काय बघून राहिलो आपण?” जावईबापू म्हणाले. अण्णांनी मला खूण केली, मी ड्रायव्हर जोसेफला केली, आणि सलग दुसऱ्या दिवशी आमची जीप नदीकाठावरून मागं फिरली. मागच्या सीटवरच्या बाई मान वळवून नदी दिसेनाशी होईपर्यंत तिकडंच बघत होत्या.

हे केनियातलं मसाई मारा. मी लातूरचा टूर मॅनेजर. माझ्या ग्रुपमध्ये अकरा माणसं होती आणि दोन जीप. पहिल्या जीपमध्ये उदगीरचे अण्णा, धान्याचे आडते. त्यांची बायको सुमनबाई, झेडपीच्या शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. लेक स्नेहा आणि जावई प्रसाद, जे नांदेडला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात.

तो अधिक श्रावण होता. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. अण्णांनी यंदा वाण म्हणून आफ्रिका दिली होती. वाणच म्हटल्यावर छत उघडून उभं राहायची पुढची जागा जावयाची, आणि जीप कुठं न्यायची तेही जावई सांगणार. माणूस वाईट नव्हता. त्यांना आजवर कुणी नाही म्हटलंच नव्हतं, एवढंच.

आता क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगतो. विल्डबीस्ट हा तिथला गाईएवढा प्राणी, लांबट तोंडाचा आणि बोकडासारख्या दाढीचा. त्यांचे हजारोंचे कळप चाऱ्यासाठी मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. कधी ओलांडतील ते कुणालाच सांगता येत नाही. कळप काठावर येतो, पाणी हुंगतो आणि परत माळावर जाऊन चरत बसतो. बघणाऱ्यानं जीपमधून न उतरता थांबायचं. मी बरेच ग्रुप नेलेत. क्रॉसिंग बघितलेले त्यातले थोडे, कारण थांबणारे थोडे.

त्या दुपारी कँपवर हात धुताना सुमनबाई माझ्याशेजारी आल्या.

“सर, उद्या शेवटचा दिवस हाय ना?”

“हो बाई.”

“मी भूगोल शिकवायचे. फळ्यावर नदी काढायची, खडूनं ठिपके काढायची, आन् पोरांना सांगायची की हे प्राणी असे पल्याड जातेत. पोरं इचारायची, बाई तुम्ही बघितलंय का? मी म्हणायची, न्हाई.” त्यांनी पदराला हात पुसले. “दोन दिवस झाले, पानावरनं उठवल्यागत उठून यायलेय.”

मला लाज वाटली. दोन्ही दिवस मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो होतो. अण्णांच्या एका शब्दावर उदगीरचं अर्धं मार्केट माझ्याकडं बुकिंग करतं, हे त्याचं कारण.

अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, उद्या नदीवरच थांबू असं जावयांना सांगाल का. ते हादरलेच.

“धोंड्यात जावयाला न्हाई म्हणू? लोक काय म्हणतील?”

“अण्णा, इथं कोण आहे बघायला?”

“रोज व्याह्यांला फोटो जातेत, सर.”

रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं. सकाळी नाश्त्यालाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “आज पहिली जीप नदीवर थांबणार. क्रॉसिंग होवो न होवो, पाचपर्यंत हलणार नाही. ज्यांना बाकीचं बघायचंय त्यांनी दुसऱ्या जीपमध्ये बसा.”

जावईबापू उठले आणि दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. अण्णा माझ्याकडं बघत बघत त्यांच्यामागं गेले. माझं उदगीरचं मार्केट त्या जीपमधून निघून चाललंय असं मला वाटलं. स्नेहा म्हणाली, “मी आईबरोबर थांबते.”

आठला आम्ही काठावर पोचलो. पलीकडं अख्खा माळ काळा झाला होता. दहाला कळप खाली आला आणि परत गेला. साडेअकराला तेच. ऊन चढलं. बाईंनी डब्यातली धपाटी काढली, जोसेफलाही दिली. पाणी मात्र त्या एकेक घोटच पीत होत्या, कारण उतरायची सोय नव्हती.

दोनला वायरलेस खरखरला. जोसेफनं ऐकून मला सांगितलं: दुसऱ्या जीपला झाडावर बिबट्या सापडलाय, शिकारीसकट. वीस मिनिटांचा रस्ता. बिबट्या मलाही आजवर एकदाच दिसला होता. माझं मन हललं, खोटं कशाला बोलू.

“बाई, जायचं?”

“न्हाई.”

“क्रॉसिंग झालं नाही तर?”

“तर झालं न्हाई म्हणून सांगीन पोरांना. पण बसले होते म्हणून सांगीन.”

चारच्या सुमाराला एक मादी उतारावर येऊन थांबली. मागचे तिला रेटायला लागले. तिनं उडी टाकली, आणि मग काठ ढासळावा तसे सगळेच पाण्यात कोसळले. धूळ, हंबरणं, खुरांचा आवाज. एका वासराचं तोंड पाण्याखाली गेलं, पुन्हा वर आलं आणि अल्याड लागलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. फोन मांडीवर तसाच पडलेला. त्या रडत होत्या आणि बोटानं मोजायचा प्रयत्न करत होत्या, पोरांची हजेरी घेतल्यासारखं. मोजणं कधीच सुटलं होतं, पण बोट थांबलं नाही.

संध्याकाळी कँपवर अण्णांनी मला गाठलं. “सर, हे बरं केलं न्हाई तुम्ही. जावाई दिवसभर गप हायेत.”

तेवढ्यात जावईच आले. थेट बाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

“मामी, झालं म्हणे क्रॉसिंग. सांगा ना.”

बाईंनी सांगितलं. पाऊण तास सांगितलं, हातांनी नदी काढून. फिजिक्सचे सर पुढं वाकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुम्हाला बघायचं होतं हे मला कुणी सांगितलं असतं, तर मीच थांबलो असतो की. मला वाटलं सगळे माझ्यासारखेच कंटाळलेत.”

अण्णा बायकोकडं वळले. “तू आधी सांगायचं होतंस.”

“तुम्ही आधी इचारायचं होतं,” बाई म्हणाल्या आणि चहा ओतायला लागल्या.

उदगीरचं मार्केट गेलं नाही. पण मी एक गोष्ट बदलली. पूर्वी एका कुटुंबाचा एकच फॉर्म घ्यायचो आणि तो घरातला कर्ता भरायचा. आता माणशी एक फॉर्म. त्यात एक रकाना आहे: तुम्हाला स्वतःला काय बघायचंय? पुरुषांचे फॉर्म लगेच भरून येतात, सिंह किंवा बिबट्या. बायकांच्या फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘सगळे बघतील ते’.

ते फॉर्म मी परत पाठवतो.